दिघाशीचं राहिलेलं आवतण

“नवरी सोताच आवतान घेऊन फिरते, बघ गो! काय दिस आलेत.”

खारबावच्या त्या घराच्या पडवीत दोन बायका सुक्या मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. एकीने दुसरीला हे सांगितलं, हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत. तू अंगणात उभा राहून घरातल्या पुरुषांना हाका मारत होतास. अक्षतांचा डबा माझ्या हातात होता. मी ऐकलंच नाही असं दाखवून डब्याच्या झाकणाकडे बघत राहिले.

तुला ते ऐकू आलं नव्हतं, मामा. पॉवरलूमच्या खडखडाटात अर्धं आयुष्य गेल्यावर हळू बोललेलं तुझ्यापर्यंत पोचायचंच नाही. कारखाना विकून कामतघरला भाड्याची चाळ बांधलीस, तरी आवाज कारखान्यातलाच राहिला. तू चहा मागितलास की शेजारणीच्या घरात गॅस पेटतो, असं मामी म्हणायची.

मी त्या बाईला सांगणार होते की माझं लग्न नाही. वाक्य तयारही होतं. ते तोंडापर्यंत येईतो ती आत जाऊन परत आली होती, हातात नारळ, मूठभर तांदूळ आणि हिरवा ब्लाउजपीस. “पुढं कर गो ओढनी.” मी केली. माझी ओटी भरून झाली तेव्हा कुठे तू वळून पाहिलंस. मामाबरोबर भाची, हातात अक्षता, लग्नसराईचे दिवस. त्यांचं काय चुकलं? नवरीला बोहल्यापर्यंत मामाच तर आणतो.

तू हसलास ते अख्ख्या आळीला कळलं. “अगो, लगीन न्हाय हिचं! मना रक्त पायजे, रक्त!”

त्यावर दोघींच्या हातातल्या मिरच्या खाली पडल्या.

आज हे आठवून हसू येतं, आणि मग पुढच्या खोलीतला तुझा फोटो दिसतो. तुला जाऊन अजून आठवडाही झालेला नाही. शिबिर उद्या आहे. कोण येईल, कोण नाही, काही माहीत नाही. तू असतास तर आत्ता पायरीवर बसून रफिकभाईला ओरडत असतास, “अरे मंडप सीधा लगा, ये क्या भेंडी का झाड है!” आणि मी दाराआड उभी राहून ऐकत असते.

म्हणून तुझ्याशी बोलतेय. समोर असताना बोलले नाही तितकं.

अल्फिया रफिकभाईंची मुलगी, तुझ्या चाळीत शेवटच्या खोलीत राहणारी. तिला थॅलेसेमिया आहे. दोन-तीन आठवडे गेले की तिचा चेहरा पिवळट होतो, ती खेळायची थांबते आणि पायरीवर बसून रिकाम्या कांड्यांवरचं उरलेलं सूत सोडवत राहते. मग तिला रक्त चढवतात आणि ती पुन्हा जिन्यावरून धावायला लागते. तिचा गट ओ निगेटिव्ह, सहसा न मिळणारा. ठरलेले दोघे देणारे होते. एक लूमच्या कारखान्यातला मास्तर, तो नोकरीसाठी सुरतला गेला. दुसरी एक शिक्षिका, तिला दिवस गेले. त्यात मे महिना. रक्तपेढीतल्या माणसाने हात पसरून दाखवले. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, माणसं गावाला, साठा संपलेला. म्हणाला, मोठं शिबिर घ्या, गट तपासा, त्यातून कोणी निघाला तर निघाला.

तू तिथल्या तिथे शर्टाची बाही वर केलीस. त्याने तुझं वय विचारलं आणि बाही खाली करायला सांगितली. मग मी हात पुढे केला. माझंच रक्त इतकं पातळ निघालं की त्याने मला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. आपण दोघं बाहेर उसाच्या गाड्यापाशी येऊन उभे राहिलो, परत पाठवलेल्या पार्सलांसारखे.

“मामा-भाची दोघं बाद,” तू म्हणालास. “रक्त नको बोलतात. मग पाय घेतील का, इचार जाऊन.”

मी विचारायला गेले नाही. घरी येऊन फोनवर एक सुंदर पोस्टर केलं, लाल थेंब, खाली पत्ता, आणि सगळ्या ग्रुपवर टाकलं. पुष्कळ जोडलेले हात आले, पुष्कळ अंगठे. तू माझ्या खांद्यावरून बघत होतास.

“येतंय कोन?”

“सगळ्यांनी बघितलंय, मामा.”

“बघितलंय ते कलला. येतंय कोन?”

मग तू ते काढलंस. आपल्याकडे लग्नाचं बोलावणं फोनवर केलं तर माणूस रुसतो, जेवायला येतो पण बोलत नाही. चालत जायचं, अंगणात उभं राहायचं, हाक मारायची, उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या. अक्षता पडल्या की नाही म्हणता येत नाही. तेच आवतण शिबिराला द्यायचं. गावोगाव, चालत.

मामी चिडली. “शुभकार्याच्या अक्षता सुया टोचायला?”

“सुई टोचून पोर जगत असंल तर अजून शुभ काय पायजे तुला?”

“आनि इतकी मानसं कशाला? पायजे तर दोघं-तिघं.”

“लग्नाला आख्खा गाव बोलवतंस. मंडप उचलायला कितीजन येतात? ते दोघं-तिघं शोदायला गाव बोलवायला लागतो.”

मामी पुटपुटली, पण तांदळाला कुंकू तिनेच लावलं.

मी बरोबर यायला तयार झाले ते एका अटीवर. मी कुठेही बोलणार नाही. डबा धरीन, रस्ता बघीन, तुझ्या गोळ्या पर्समध्ये ठेवीन. इंग्लिश मीडियमच्या शाळेत मी इंग्रजीत गप्प राहायला शिकले आणि घरी येऊन मराठीत; दोन्हीकडे मला हुशार समजायचे. तू कधी समजला नाहीस. पण त्या दिवशी माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालास, “तू नको बोलू, बाय. मी हाय ना बोलायला.”

हे वाक्य मला गेले काही दिवस झोपू देत नाही.

आपण पहाटे निघायचो, ऊन चढायच्या आत परतायचो. अल्फिया पायरीवर वाट बघत असायची.

“सेठ, आज कितना चले?”

“तेरे घर से चाँद तक.”

ती तुझ्या पायांकडे बघायची. “झूठे. चप्पल तो घिसी नहीं.”

दुसऱ्या दिवशी निघताना तू मुद्दाम चप्पल फरशीवर घासलीस. मी पाहिलं. तुला वाटलं मी फोनमध्ये आहे.

तुझी हाक अजून कानात आहे. “रइवारी कामतघरला यायचं हां! घरच्या सगल्यांनी यायचं हां! जेवून जायचं!” मग माणसं बाहेर यायची, आधी तुझ्या आवाजाला, मग अक्षतांना. तू कशासाठी ते सांगायचास. कोणी घाबरायचं, कोणी हसायचं. एका म्हाताऱ्याने विचारलं, “रक्त देल्यावर मटन हाय का?” तू म्हणालास, “वडे हायत. मटनाचं तुज्या लग्नाला बघू.” लोक हो म्हणायचे. मी दर वेळी ते हो ऐकून मनातल्या मनात एक खडा बाजूला ठेवायचे.

आणि मग खारबावचा तो नव्या बंगल्याचा मालक. ओटी भरून झाल्यावर पुढचंच घर. त्याने आपल्याला खुर्च्या दिल्या, सरबत दिलं. अक्षता हातात घेतल्या आणि विचारलं, “पोरगी कुनाची?”

“माज्या चाळीतली.”

“ता झाला. पन कुनाची?”

“मी भाडं घेतो तिच्या बापाकडून. म्हंजे माजीच.”

तो हसला नाही. “नाव काय बापाचं?”

तू सरबत संपवलंस, पेला खाली ठेवलास, उठलास. “रइवारी आलास का सांगीन. जेवता जेवता.”

फाटकाबाहेर पडताना मी मागे पाहिलं. त्याने अक्षता परत केल्या नव्हत्या, टाकल्याही नव्हत्या. खुर्चीच्या हातावर ठेवून तो आत गेला होता. पंखा चालू होता. त्या एक एक करून उडत होत्या.

स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत मी काही बोलले नाही. मग बोलले. माझ्या हिशोबाने पुष्कळच बोलले.

“नाव सांगायचं ना, मामा.”

“सांगितला असता तर काय झाला असता?”

“त्यांनी नाही म्हटलं असतं. निदान तोंडावर.”

“मंग? तुला बरा वाटला असता. पोरीला काय भेटला असता?”

“पण आपण लपवतोय असं वाटतं. तिचं नाव म्हणजे काय लाजायची गोष्ट आहे?”

तू थांबलास. “मी लाजतो?”

ट्रक गेला, धूळ उडाली, आपण दोघांनी डोळे मिटले.

“बाय, मी या रस्त्यानी लहानपनापासून चालतो. कुठल्या उंबऱ्यावर काय बोलायचा ते मना कलतं. मानूस घरात आला, पानावर बसला, पोरगी डोल्यांनी बघितली, का मंग नाव इचारीत न्हाय. आदी नाव सांगितला, का तो पोरीला बघतच न्हाय. नाव बघतो.”

“आणि बघितल्यावर उठून गेला तर?”

“तर गेला.”

“मग आधीच गेला असता तर काय फरक?”

तू चालायला लागलास आणि पाठमोराच म्हणालास, “तू सांगून बग एकदा. सोताच्या तोंडानी. उंबऱ्यावर उबं राहून. मंग बोल माज्याशी.”

मला त्याचा राग आला होता, मामा. राग अजून आहे. तू जिंकलास असं मला वाटत नाही आणि मी जिंकले असंही वाटत नाही, आणि आता हे भांडण माझ्या एकटीकडे राहिलंय.

त्याच रस्त्यावर, चिंचेखाली, तू बसलास. चप्पल चावते म्हणालास. मी चप्पल पाहिली नाही, तुझा हात पाहिला. तो शर्टाच्या खिशाशी गेला होता आणि तिथेच राहिला होता. कपाळावरचा घाम चालण्याचा नव्हता.

“मामा, रिक्षा करते.”

“आवतान देऊन रिक्षातनं घरी? लोकं काय बोलतील?”

“परतताना कोण बघतंय?”

“मी बघतो ना.”

तरी मी रिक्षा थांबवली. तू चढला नाहीस. रिक्षावाला आपल्याला शिव्या घालून गेला. मग तू उठलास, आणि घरापर्यंत मी तुझ्या श्वासावर कान ठेवून चालले. तो अडखळला की माझं पाऊल अडखळायचं.

घरी आल्यावर मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि मामीला सगळं सांगितलं. हात, घाम, रिक्षा. मामीने पोळपाट बाजूला सारला आणि बाहेर येऊन तुला असं काही फैलावर घेतलं की चाळीतली माणसं दाराशी आली. उद्याच्या उद्या डॉक्टर, नाहीतर एकही गाव नाही. तू मान खाली घालून ऐकलंस. मग माझ्याकडे बघून म्हणालास,

“चुगलखोर.”

रागाने म्हणालास. मला खात्री आहे, रागानेच. नंतर सगळे म्हणाले की तो लाडाने म्हणाला असेल, पण ते तिथे नव्हते.

सकाळी तू दूध आणायला गेलास. दूधवाल्याच्या पायरीवर बसलास, “जरा थांब रं” म्हणालास, आणि तेवढंच.

डॉक्टरची वेळ दहाची घेतली होती.

मी सांगितलं ते बरोबर केलं. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा सांगीन. फक्त तुझा राग जायला एक दिवस मिळाला असता तर बरं झालं असतं. तुझा राग एका दिवसापेक्षा जास्त कधी टिकला नाही.

त्यानंतर फोन यायला लागले. आधी रडण्याचे, मग हळूच दुसरे. “शिबिर आता नसंलच ना?” लोकांनी गृहीत धरलं होतं. घरात सुतक आहे, या घरचं आवतण आपोआप मोडलं. ज्या रीतीने तू सगळ्यांना बांधलं होतंस त्याच रीतीने ते सुटत चालले होते. बंगलेवाल्याचाही निरोप आला. कोणासाठी आहे ते आम्हाला कळलं, म्हणाला, आधी सांगायला हवं होतं. आमच्या आळीतलं कोणी येईलसं वाटत नाही.

हा निरोप ऐकला आणि मामा, मला तुझ्याशी भांडायचं होतं. बघ, म्हणायचं होतं. पण कोणाला म्हणू?

आणि दिघाशी राहिलं होतं. तुझं आजोळ. तू ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतंस, कारण भाच्याला आजोळी कोणी नाही म्हणत नाही, आणि कारण तिथे प्रशांत होता. तुझ्या मामेभावाचा मुलगा. मागे त्याला अपघात झाला तेव्हा कळलं होतं की त्याचा गट ओ निगेटिव्ह. सगळ्या गावांत मिळून आपल्याला नक्की माहीत असलेला एकच माणूस. तू त्याला फोन केला होतास. तो “बघतो काका” म्हणाला होता. फोन ठेवून तू मला म्हणालास, “बगतो म्हंजे न्हाय. पन उंबऱ्यावर गेलो का बगू कसा बगतो ते.”

बुधवारी, भेटायला आलेली माणसं ओटीवर बसली होती. रफिकभाई अंगणात उभे होते. शेवटी तुझ्या मोठ्या भावाने, थोरल्या मामांनीच विषय काढला.

“रफिक, शिबिर पुढं ढकला. तेरावं होऊं दे. या घरातनं आता अक्षता निघायच्या न्हायत.”

“जी,” रफिकभाई म्हणाले. “जैसा आप कहें.”

ते जायला वळले. आत मामी भिंतीला टेकून बसली होती. तिने तिथूनच विचारलं, “पोरीचं रक्त कदी हाय?”

“सोमवार को, भाभी.”

“पेढीत हाय?”

रफिकभाईंनी मान हलवली. नाही.

“मंग ती तेराव्यापर्यंत कशी थांबंल?”

थोरले मामा म्हणाले, “अगो, पन रीत...”

“रीत मना म्हाईत हाय.” मामीचा आवाज रडून रडून बसला होता. “मी जात न्हाय. तुमी जाऊं नका. या घरातला कोनी जाऊं नका.” मग तिने माझ्याकडे बोट केलं. “ती कुठं या घरातली हाय?”

सगळे माझ्याकडे वळले. मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

“भाची ती. दुसऱ्या घरची. भाचीचं सुतक थोडकं, ते फिटलं पन तिचं. हा डबा न्यायचा न्हाय गो, हा आमच्यातला हाय. तुज्या घरी तांदूळ हायत ना?”

लहानपणापासून मला ‘तू इथली नाहीस’ हे ऐकायला आवडायचं नाही. सुट्टी संपली की तू मला पोचवायला यायचास आणि मी रस्ताभर रुसलेली असायचे. बुधवारी त्याच शब्दांनी दार उघडलं. थोरले मामा बोटांवर दिवस मोजून म्हणाले, “हां. ती जाऊं शकते.”

ती जाऊ शकते. पण ती बोलत नाही, हे कोणी म्हटलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

मी घरी येऊन तांदळाला कुंकू लावलं. माझ्याकडून पाणी जास्त पडलं, तांदूळ गोळा झाले, पुन्हा केले. ठेवायला डबा नव्हता म्हणून खारबावचा तो हिरवा ब्लाउजपीस घेतला आणि त्यात गाठ मारली.

आज सकाळी पप्पांनी स्कूटरवरून दिघाशीच्या फाट्यापर्यंत सोडलं. तुला माहीत आहेत पप्पा, ऑफिस आणि वर्तमानपत्र. स्कूटर बंद करून म्हणाले, “मी इथेच थांबतो. पुढे तू चालत जा. काशिनाथ चालतच गेला असता.” मग हेल्मेटची काच पुसत बसले. ती स्वच्छच होती.

मी चालले. वाटेत तुझं वाक्य पाठ करत होते. यायचं हां, यायचं हां. माझ्या आवाजात ते प्रश्नासारखं वाटत होतं.

तुझ्या आजोळचं घर ओळखता आलं, तू सांगितल्याप्रमाणे दारात फणस आणि फणसाला टेकवलेली जुनी होडी. खाटेवर तांदळाचे पापड वाळत होते आणि राखणीला काठी घेऊन तुझी मामी बसली होती, सगळ्या गावाची आजी. पलीकडे नळाखाली प्रशांत बाइक धूत होता.

“कुनाची गो तू?” आजीने विचारलं.

“काशिनाथ मामांची भाची.”

काठी तिच्या हातातून गळाली. “माजा भाचा ग्येला गो,” म्हणून तिने मला जवळ ओढलं, आणि मामा, तू गेल्यापासून मी पहिल्यांदा कोणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवलं. तिच्या लुगड्याला पापडाच्या पिठाचा वास होता. तू लहानपणी इथे भात चोरून खायचास आणि ती तुला पाठीशी घालायची, हे तिने मला हुंदक्यांमधून सांगितलं. तू कधी सांगितलं नव्हतंस.

मग तिला माझ्या हातातली गाठ दिसली, सुटलेल्या टोकातून लाल तांदूळ.

“आक्षता? या दिसांत? कुनाचा लगीन हाय?”

“लग्न नाही, आजी.”

“मंग?”

नळ बंद झाला. प्रशांत हात पुसत आला. तो वाईट वाटत नव्हता. थकलेला वाटत होता, नाइट ड्युटीवरून आल्यासारखा. “काकांचा फोन होता मला,” तो आजीला म्हणाला. “रक्ताचं.” मग मला, “पण कोणासाठी ते काकांनी सांगितलंच नाही. दोनदा विचारलं मी. चाळीतली, चाळीतली, एवढंच. खारबाववाले काय काय बोलतात. कोणाची मुलगी आहे ती?”

समोरच्या घरातली बाई दारात आली होती. शेजारच्या ओट्यावर दोन माणसं पेपर खाली करून बघत होती. तुझ्या भाचीला बघायला गाव गोळा व्हायला लागला होता आणि सगळे त्या उत्तरासाठी थांबले होते.

तुझं उत्तर माझ्याकडे होतं. चाळीतली. खोटं नव्हतं ते. ते दिलं असतं तर प्रशांत कदाचित “बघतो” म्हणाला असता आणि आजीच्या धाकाने उद्या आलाही असता. उद्याचं जेवण चाळीतले लोक करतायत, आपल्या घरी चूल नाही म्हणून; पानावर बसल्यावर त्याला कळलं असतंच. आणि नाव सांगितलं आणि तो आत निघून गेला, तर सोमवारी अल्फिया पायरीवर कांड्या सोडवत बसेल आणि मी तिला काय सांगू, की माझं आणि मामाचं एक भांडण होतं?

तू ज्या ठिकाणी उभा राहिला असतास, अंगणाच्या मधोमध, तिथे मी जाऊन उभी राहिले. गाठ सोडली. पुढे होऊन चार दाणे उंबऱ्यावर ठेवले, बाकीचे मुठीत घट्ट धरले. उंबऱ्यावर उभं राहून सांगून बघ, म्हणाला होतास, मंग बोल माज्याशी.

तर हे ऐक, मामा. मी इतक्या मोठ्याने म्हणाले की फणसावरचे कावळे उडाले:

“रविवारी कामतघरला यायचं हां! रक्त द्यायला यायचं. काशिनाथ मामांच्या चाळीत रफिक अन्सारींची मुलगी आहे, तिला लागतंय. अल्फिया नाव तिचं. अल्फिया! घरच्या सगळ्यांनी यायचं हां, जेवून जायचं!”